चार चाळीसची फेरी

मला बरं वाटत होतं, झोप लागत होती, जेवण जात होतं, आणि नेमकं म्हणूनच मला कोणी सोडत नव्हतं. ऐकणाऱ्याला वाटेल, म्हातारी चळली. पण त्या वर्षी नियमच तसा होता आणि त्या नियमामागचं शास्त्रही खरं होतं. ते खोटं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

मी शैलजा नलवडे. साताऱ्यात आय.टी.आय.मध्ये तीस वर्षं मुलींना शिवणकाम शिकवलं. मिस्टरांना जाऊन आठ वर्षं झाली. गोडोलीच्या बाजूला आमची चौदा घरांची छोटी कॉलनी आहे, तिच्यात शेवटून दुसरं घर माझं. एकुलती एक मुलगी केतकी लग्न होऊन हडपसरला. नोव्हेंबरात तिनं फोन करून गोड बातमी दिली आणि त्याच आठवड्यात मासिक तपासणीच्या नळीत मी फुंकर मारली, तर नळी जांभळी झाली.

त्या आजाराला लोक 'मुक्कामी' म्हणायचे. पुस्तकी नाव लांबलचक होतं, ते कुणाच्या तोंडात बसलं नाही. हा विषाणू नाकाच्या मागच्या अस्तरात जाऊन मुक्काम ठोकायचा. ताप नाही, खोकला नाही, काही नाही. माणूस महिनोन् महिने हिंडता-फिरता, आणि बंद खोलीत त्याच्या श्वासातून विषाणू दुसऱ्याकडे. धडधाकट माणसाला त्याचा उपद्रव नव्हता. पोटुशी बाई आणि तान्हं मूल यांना मात्र तो सोडत नव्हता. शिवाय ज्यांच्या अंगात तो होता, त्यांच्यातल्या काहींच्या बाबतीत तो एक दिवस नाकातून उठून हृदयाच्या स्नायूंत जायचा. त्याला दुसरी पायरी म्हणत. दुसऱ्या पायरीवरून परत आलेला माणूस आमच्या तालुक्यात तरी कुणी पाहिला नव्हता.

उपाय होता. प्रतिपिंडांचं एक इंजेक्शन घेतलं की दोन दिवसांत श्वास स्वच्छ. पण ती प्रतिपिंडं जिवंत पेशींच्या टाक्यांमध्ये वाढवावी लागत आणि पेशी काही आपल्या घाईनं वाढत नाहीत. आमच्या विभागाच्या वाट्याला आठवड्याला एक डोस यायचा, दर गुरुवारी. विभागात जांभळी नळीवाले एकशे चाळीस.

केतकीचं पहिलं बाळ चौथ्या महिन्यात गेलं होतं, तीन वर्षांपूर्वी. तेव्हा प्रात्यक्षिक परीक्षा चालू होत्या, मी परीक्षक होते, आणि मी पाच दिवसांनी पोचले. ती तेव्हा काही बोलली नाही. या खेपेला मात्र फोनवर म्हणाली होती, "आई, यावेळी तू पहिल्यापासून हवीस." मी तोऱ्यात म्हटलं होतं, "अगं, सातव्याचं डोहाळजेवण झालं की मीच न्यायला येते. बाळंतपण इथंच." नळी जांभळी झाल्यावर मी हिशेब केला. सहा महिने हातात होते. सहा महिन्यांत आपला नंबर लागेलच की, असं वाटलं.

मनगटावर पट्टी बांधली गेली आणि दाराला कुलूप न लावताही मी घरात कोंडली गेले.

पहिला महिना मी भिंतींशी भांडले. दुपारी साडेतीनला केस न विंचरता, सकाळच्याच गाऊनमध्ये, ओट्यापाशी उभी राहून पातेल्यातूनच भात खाताना एकदा खिडकीच्या काचेत स्वतःला पाहिलं आणि माझ्यातली मास्तरीण खवळली. अशा अवतारात एखादी मुलगी वर्गात आली असती, तर मी तिला दारातूनच परत पाठवलं असतं. त्या संध्याकाळी मी वहीत वेळापत्रक आखलं. सकाळी काशाच्या वाटीनं दोन्ही तळपायांना तेल, दहा-दहा मिनिटं. मग कुंडीतली गवती चहाची दोन पाती तोडून चहा, तोही खुर्चीत बसून, कपबशीत. दुपारी अर्धा तास आडवं व्हायचं. साडेचारला इस्त्री केलेली सुती साडी, अंबाडा, पायात बूट. चार चाळीसला फेरी.

फेरी ही आरोग्य खात्याची एकच मेहेरबानी. उघड्या हवेत, बारा फुटांच्या अंतरावरून मुक्कामी पसरत नव्हता, म्हणून प्रत्येकाला रोज चाळीस मिनिटं गल्लीत चालायची परवानगी होती. एका वेळी दोघं, रस्त्याच्या दोन कडांना एकेक. जवळ आलात की मनगटावरची पट्टी किरकिरायची. आमच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत दोनशे बारा पावलं. जाऊन-येऊन एक फेरी, अशा आठ.

एवढीशी गल्ली, तीस वर्षं मी तिच्यातून फक्त बस गाठायला धावले होते. आता कळलं, तिच्यात किती काय आहे. कणसेंच्या कुंपणात बदामाचं रोप आहे, त्याच्या पानांत शिंपी पक्ष्यानं घरटं शिवलं होतं. खरोखर शिवलं होतं, पानाला भोकं पाडून, कापसाचा धागा ओवून. टाके तपासायची खोड जाते कुठं? मी वाकून बघितले. दोन टाके सैल होते, पण एकंदरीत पास. संध्याकाळी सव्वापाचच्या उन्हात अजिंक्यताऱ्याचा कडा तांबूस दिसायचा. घरी आले की पाय धुवून देवापाशी दिवा लावताना अंग हलकं व्हायचं. देवाशपथ सांगते, त्या चार महिन्यांत मी जेवढी सुखात होते, तेवढी नोकरीत कधी नव्हते.

रस्त्याच्या पलीकडच्या कडेला माझ्या वेळेला विलास फडतरे होते. एस.टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले, समोरच्या सात नंबरात एकटे राहणारे. बायको दोन वर्षांपूर्वी गेली, मुलगा परदेशात. पहिले कित्येक दिवस ते फाटक उघडून बाहेर यायचे आणि तिथंच कट्ट्यावर बसून राहायचे, दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली. शेवटी मला राहवेना.

"फडतरे भाऊ," मी पलीकडून ओरडले, "बटणं चुकलीयेत तुमची. वरून दुसरं."

त्यांनी खाली बघितलं. "कोण बघतंय, बाई?"

"मी बघतेय ना! उठा. टाकीपर्यंत सोबत चला. गाडी वेळेवर सोडायची तुमची ख्याती आहे म्हणे."

ते उठले. त्या दिवशी अर्धीच फेरी झाली. आठवड्यानं दोन. महिनाभरात फडतरे दाढी करून, कडक इस्त्रीत, चार एकोणचाळीसला फाटकात उभे राहून घड्याळ बघायला लागले आणि मी अर्धा मिनिट उशिरा आले तर "सातारा-टाकी विनावाहक उशिरा सुटत आहे" असं खणखणीत आवाजात जाहीर करायला लागले. आम्ही बारा फुटांवरून ओरडून गप्पा मारायचो. गल्लीला आमची सगळी प्रकृती माहीत झाली.

दर मंगळवारी खात्याचा फोन यायचा. यंत्राचा आवाज असायचा, पण गोड. "शैलजाताई, या आठवड्यात कसं वाटतंय?" मी म्हणायचे, "छान. काही काळजी नाही." आपल्याकडे बाईला कसं आहे विचारलं, की ती बरं आहे म्हणते. अंगात ताप असला तरी म्हणते, मग मला तर खरंच बरं होतं. वर मी त्याला माझं वेळापत्रकही सांगितलं, काशाच्या वाटीसकट. मार्चच्या खात्याच्या पत्रकात 'विलगीकरणात अशी घ्या स्वतःची काळजी' या मथळ्याखाली माझा फोटो आला. केतकीनं तो घरी फ्रिजवर लावला.

मार्चअखेर आमच्या विभागाची परिचारिका तबस्सुम पट्टी तपासायला आली. पांढऱ्या पोशाखात, मुखवट्याआड फक्त डोळे. गुणी पोर. मी तिला विचारलं, "माझा नंबर कधी गं लागेल? मेमध्ये केतकीची तारीख आहे. तिला आता आठवा लागेल."

तिनं माझं मनगट वळवून पट्टीवर रोज दिसणारा अंक दाखवला. "काकू, तुमची निकड अकरा आहे."

"अकरा म्हणजे?"

"शंभरापैकी अकरा. गेल्या गुरुवारी ज्यांना डोस मिळाला त्यांची एक्क्याऐंशी होती."

मग तिनं पायरीवर बसून मला समजावलं. आधी डोस वशिल्यानं जायचे. कुणाचा साडू, कुणाचा मेव्हणा. बोंबाबोंब झाल्यावर ते काम यंत्राकडे आलं. यंत्राला प्रश्न एकच घातला होता: दुसऱ्या पायरीवर सगळ्यांत आधी कोण जाईल? संशोधकांना आढळलं होतं की ज्याचं शरीर सतत ताणाखाली असतं, त्याच्या रक्तातली ताणाची संप्रेरकं राखणदार पेशींना गुंगी आणतात आणि मग विषाणूला हृदयाची वाट मोकळी होते. म्हणून पट्टी ताण मोजायची. घामातली रसायनं, झोप, फोनवरच्या आवाजाचा कंप, आणि मुख्य म्हणजे ठोक्यांमधलं अंतर.

"मला वाटायचं, ठोके एकसारखे पडले की हृदय चांगलं," मी म्हटलं.

"उलटं असतं, काकू. निवांत माणसाचे ठोके श्वासाबरोबर थोडे पुढं-मागं होतात. माणूस धास्तावला की अगदी एकसारखे पडायला लागतात."

म्हणजे निरोगी हृदय हातशिलाईसारखं आणि घाबरलेलं हृदय मशीनच्या टाक्यासारखं. माझ्या हृदयाची हातशिलाई उत्तम चालली होती. तेल, चहा आणि फेरी यांनी मी ती रोज नीट करत होते आणि रोज यादीत एकेक पायरी खाली उतरत होते. एकशे चाळीस जणांत माझा क्रमांक एकशे एकतीस होता.

"हे मला कुणी आधी सांगितलं का नाही?"

"सांगायचा हुकूम नाही. सांगितलं की लोक अंक चढवायला बघतात. त्या पलीकडच्या विभागात एकानं गोळ्या खाऊन छाती धडधडवली. पट्टीला कळलं. वर्षभर यादीतून बाद, आणि गोळ्या आणून देणाऱ्यावर फौजदारी." ती उठली. "तुम्ही मला काकीसारख्या म्हणून बोलून गेले. कुणाला सांगू नका."

मी लगेच सांगितलं. केतकीला, त्याच दुपारी, आणि फडतऱ्यांना चार चाळीसला.

फडतरे टाकीपाशी थांबले. "म्हणजे डिसेंबरात माझी निकड बहात्तर होती, ती आता अडतीस झाली, ती तुमच्यामुळं?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी चालायला लावलं नसतं, तर जानेवारीत त्यांचा नंबर लागून ते मोकळे झाले असते.

"अहो, हसा की बाई!" ते म्हणाले. "तसा मोकळा होऊन तरी कुठं जाणार होतो? मला कोण बोलावतंय? तुमचं तसं नाही. तुम्हाला पोरीकडं जायचंय."

दुसऱ्या दिवसापासून मी वेळापत्रक मोडलं. वाटी माळ्यावर टाकली. चहा बंद. फेरी बंद. चार चाळीसला पडदा ओढून आत बसायचे आणि बाहेरून आवाज यायचा, "सातारा-टाकी सुटत आहे." काही दिवस तो आवाज येत राहिला, मग थांबला.

मुद्दाम दुःखी होणं किती अवघड असतं, ते मला ठाऊक नव्हतं. मी जुन्या वाईट आठवणी काढायला बसायचे आणि त्यातही काहीतरी गमतीचं आठवून जायचं. मिस्टरांचं शेवटचं आजारपण आठवलं, तर त्यांनी डॉक्टरांची केलेली नक्कलच डोळ्यांपुढं यायची. पाय फेरीसाठी शिवशिवायचे. पट्टीवर अकराचे चौदा झाले, चौदाचे एकोणीस. एका मंगळवारी गोड आवाजानं विचारलं, कसं वाटतंय? मी ठरवून ठेवलं होतं, 'सहन होत नाही' म्हणायचं. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "बरं आहे." तीस वर्षं मुलींना सांगत आले होते, जे हाताला लागलं ते सुटत नाही.

केतकी रोज अंक विचारायची. "आई, आज किती?"

"बावीस."

"असं वर्ष लागेल." ती रडवेली व्हायची. "सासूबाई म्हणतात, आम्ही आहोत ना. त्या चांगल्या आहेत गं. पण मला आतून भीती वाटते. परत तसंच झालं आणि तू नसलीस तर?"

"तसं काही होणार नाही."

"तू ढोंगसुद्धा धड करू शकत नाहीस," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

एप्रिलच्या मध्यावर मी पडद्याच्या फटीतून बाहेर पाहिलं. फडतरे एकटे चालत होते. दहा पावलं, मग कडेच्या भिंतीला हात लावून उभे. पुन्हा दहा पावलं. पायांवर सूज दिसत होती, दुसरी पायरी जवळ आली की येते म्हणत तशी; पायाचा अंगठा चपलेत धड जात नव्हता. मी पडदा बाजूला करून ओरडले, "किती झाली निकड?"

"चौऱ्याहत्तर!" ते जिना चढून आल्यासारखे धापा टाकत होते. "वरून दुसरा नंबर. या गुरुवारी पहिला एक जण मोकळा होतोय, पुढच्या गुरुवारी मी. तबस्सुम म्हणाली, टिकवा म्हणून. टिकवायला काय कष्ट नाहीत बघा."

मी नसले की त्यांची दाढी वाढते आणि अंक चढतो, हे दिसत होतं. मला वाटलं, निदान एकाचं तरी भलं होतंय. आता पुढचा गुरुवार त्यांचा.

त्या गुरुवारच्या आदल्या दिवशी, बुधवारी सकाळी आठला केतकीचा फोन आला. मी भाजी निवडत होते.

"आई." एवढंच म्हणून ती थांबली. श्वास लागल्याचा आवाज येत होता. "आई, बाळ हलत नाहीये. रात्रीपासून. आम्ही दवाखान्यात आलोय. ठोके सापडत नाहीयेत, आई."

"पुन्हा बघायला सांग."

"तिघांनी बघितलं." ती ओरडून रडायला लागली. आठव्या महिन्यातली माझी पोर, तिथं कुठल्या तरी दवाखान्यात, आणि मी इथं मेथीची जुडी हातात धरून. मग जावई प्रथमेश फोनवर आले, म्हणाले, "आई, आत नेतायत तिला. नंतर करतो." त्यानंतर फोन लागेना.

मी धावत फाटकाबाहेर गेले. पट्टी किंचाळली. मी पुन्हा आत आले. फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. दुपारी प्रथमेशचा दोन शब्दांचा निरोप आला, 'वाट बघा'. मी जमिनीवर बसले आणि बसूनच राहिले. मेथी तिथंच सुकली. माझ्या मनात काय काय आलं ते सांगत नाही. एवढंच सांगते की सगळ्यांत आत एक गोष्ट सलत होती: याही वेळी मी नव्हते.

गुरुवारी सकाळी अकराला तबस्सुम दारात उभी होती, हातात थंड डबा घेऊन. "काकू, ब्याण्णव झाली तुमची. रात्रभर खाली आलीच नाही. काय झालं?"

मी सांगितलं. तिचे डोळे भरले. तिनं माझा दंड पुसला, सुई टोचली, आणि मुखवट्याआडून काहीतरी पुटपुटली, दुवा असावी. "परवा दुपारी नळी स्वच्छ येईल. मग जा तिच्याकडे." ती गेली. तिनं नोंद केल्याची घंटी माझ्या फोनवर वाजली, तशी जवळची नातेवाईक म्हणून केतकीच्याही, आणि दोन मिनिटांत तिचा व्हिडिओ कॉल आला.

ती घरात होती. मागे फ्रिजवर माझा फोटो दिसत होता. पोट तेवढंच मोठं. तिनं छोटं यंत्र पोटाला लावलेलं, आणि त्यातून बाळाचे ठोके येत होते, भरभर, एकामागून एक.

"आई, बाळ ठीक आहे," ती म्हणाली. "ठीकच होतं."

मला कळायला वेळ लागला. कळल्यावर आधी मी हसले, मग ढसाढसा रडले, मग तिला जे बोलले ते पोटच्या पोरीला बोलू नये. तुझं तोंड बघणार नाही म्हटलं. कालपासून मी मेले होते, म्हटलं.

ती सगळं ऐकून घेत राहिली. "तुला ढोंग जमत नाही, म्हणून मी केलं. प्रथमेश नको म्हणत होता. मीच हट्ट केला."

"तू रडत होतीस ते?"

"ते खरं होतं. तुला तसं सांगताना आलं ते." तिनं डोळे पुसले. "आई, आता ये. नंतर हवं तेवढं मार. पण ये."

तिच्यावर रागावून रागावणार किती? मी जाणार होते. बाळ होतं, ठोके होते, आणि मी तिथं असणार होते. मी चार महिन्यांच्या सवयीनं चहाला आधण ठेवलं आणि गवती चहाची पाती तोडताना समोरच्या सात नंबरकडे नजर गेली. कट्ट्यावर फडतरे बसले होते. तेव्हा मला आठवलं, आज गुरुवार कुणाचा होता.

शुक्रवारी चार चाळीसला मी बाहेर गेले. नळी स्वच्छ व्हायला एक दिवस बाकी होता, त्यामुळे अजून रस्त्याची माझीच कड होती. जाऊ नये असं फार वाटत होतं. पण कॉलनीतल्या माणसाशी इतकं तरी वागावंच लागतं.

ते उभे होते. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, बटणं बरोबर. पायावरची सूज वर पोटरीपर्यंत चढली होती. मला बघताच त्यांनी हात जोडले.

"बाई, तबस्सुमनं सांगितलं. काय बोलावं? आमच्या हिच्या वेळी लोक बोलायला यायचे, तेव्हा मला वाटायचं, बोलू नका, नुसतं उभं राहा. म्हणून नुसता उभा राहतो."

मी मान खाली घातली. खरं सांगावं, तर बारा फुटांवरून ओरडून सांगावं लागलं असतं आणि सगळ्या गल्लीला ऐकू गेलं असतं. फौजदारी माझ्यावर नाही, माझ्या भरल्या पोटाच्या पोरीवर झाली असती. आणि समजा गल्लीला ऐकू गेलं नसतं, तरी मी सांगितलं असतं का, हे मला आजही छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.

"काल तुमचा नंबर होता," मी कशीबशी म्हटलं.

"असू दे की! अशा प्रसंगाला आईनं पोरीजवळ पाहिजेच. तुम्हाला मिळाला, बरं झालं." ते भिंतीला टेकले, श्वास घेतला. "मी काल रात्री विचार केला. अंक कशानं चढतो ते आता डोळ्यांनी बघितलं. तुमच्यासारख्या बाईला नातवंड गमवावं लागलं, तेव्हा ब्याण्णव झाली. तसला डोस मला नको. उपाशी बसून, दाढी वाढवून, मरणाची वाट बघत नंबर टिकवायचा? त्यापेक्षा तुमचं ते वेळापत्रक बरं. तेलाची वाटी हिची आहे घरात. आजपासून फेरी रोज, नेमानं. चला, सातारा-टाकी."

"भाऊ, अजून एक आठवडा थांबा," मी म्हटलं. "पुढच्या गुरुवारी तुमचाच नंबर आहे. तोवर फेरी नको."

"आणि घरात बसून काय करू? तुम्ही एवढं दुःख घेऊन चालताय आणि मी बसू?"

उत्तर एकच होतं, आणि ते ऐकून त्यांना एवढा संताप आला असता, एवढं फसवल्यासारखं वाटलं असतं, की त्यांचा अंक पुन्हा वर गेला असता आणि ते कदाचित वाचले असते. मी चालायला लागले. ते पलीकडून चालायला लागले. प्रत्येक वेळी टाकीपाशी वळताना मी ठरवत होते, आता सांगायचं, आणि प्रत्येक वेळी ते काहीतरी धीराचं बोलत होते. केतकी लहान आहे, पुन्हा होईल. देव एवढा वाईट नाही. तिसऱ्या फेरीला ते भिंत सोडून चालले. आम्ही चारच फेऱ्या केल्या, पण सावकाश, आणि चौथीला त्यांचा श्वास बराच खाली बसला होता.

फाटकापाशी त्यांनी मनगट वर करून मला दाखवलं. "दुपारी शहात्तर होती. एकसष्ट झाली बघा! तुमच्याशी बोललं की उतरतंय." तोंडभर हसले. "उद्या तुम्ही नसणार. पण मी चार चाळीसला हजर असेन. पोरीला सांभाळा, बाई."

"हो," मी म्हटलं. "तुम्हीही जपा."

शनिवारी दुपारी नळी स्वच्छ आली. प्रथमेश गाडी घेऊन आले तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. ते म्हणाले, जरा टेकतो, चहा घेऊ, मग निघू. मी बॅग उचलून आधीच दारात उभी होते. चहा वाटेत घेऊ, मी म्हटलं, साडेचारच्या आत निघालंच पाहिजे.